सोंगटी आणि अवतार : एका खेळाच्या वाचनाचा इतिहास

तुळजापुरात भवानीच्या देवळापासून जवळच भारतीबुवांचा मठ आहे. या मठाच्या महंतांशी सारीपाट खेळावयास देवी स्वतः येत असे, अशी आख्यायिका गावात आजही सांगितली जाते. तुळजापूरच्या इतर कथांपुढे ही कथा फारच लहान आहे. अनुभूतीच्या हाकेला त्वरित धावून आली म्हणून जी त्वरिता, आणि त्वरितेची पुढे जी तुळजा झाली, तिच्या कथेत संकट आहे, दैत्य आहे, वध आहे. शिवाजीमहाराजांना तलवार मिळाल्याच्या कथेत वरदान आहे. सारीपाटाच्या कथेत यांपैकी काहीच नाही. महिषासुराला पायाखाली घेणारी देवी एका गोसाव्यासमोर बसते आणि सोंगट्या हलवते, एवढेच तिचे कथानक. माझे मूळ घर तुळजापूरचे असल्यामुळे लहानपणापासून मी ही कथा ऐकत आले. डाव कोणी जिंकला हे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

ही कथा नव्याने आठवण्याचे निमित्त काहीसे अनपेक्षित होते. संगणकावर खेळावयाच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांत अभिजात मानला गेलेला ‘अल्टिमा फोर : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा १९८५ मधील खेळ मी अलीकडे दिवाळीच्या सुटीत आरंभापासून अखेरपर्यंत खेळले. साहित्याच्या अध्यापकाने अशा गोष्टीवर सुटी घालवावी याबद्दल आमच्या क्षेत्रातील काही मित्रांनी जी भुवई उंचावली, तिच्याकडे मी पुढे येईन. ‘अवतार’ हा आपल्या भाषेच्या अगदी आतला शब्द एका परदेशी खेळाच्या शीर्षकात कसा गेला, जाताना त्याचे काय हरवले, आणि त्या खेळात ‘भूमिका घेणे’ या क्रियेचे जे होते त्यामुळे आपल्याकडील तादात्म्यविचाराला कोणता प्रश्न पडतो, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

मराठीत अवतार आणि खेळ यांची गाठ पहिल्यापासूनची आहे. म्हाइंभटाच्या ग्रंथाचे नावच ‘लीळाचरित्र’. महानुभावांच्या दृष्टीने परमेश्वर कृपावश होऊन अवतार घेतो आणि त्या अवताराचे चालणे, बोलणे, जेवणे, रागावणे या सर्वांना ‘लीळा’ म्हणावयाचे. लीळा म्हणजे क्रीडा. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आपल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथात अवताराचे चरित्र हे त्याच्या खेळांचे संकलन आहे. याच ग्रंथाच्या ‘एकांक’ या भागात आणखी एक खेळ आहे. चक्रधर होण्यापूर्वीचा हरिपाळ जुगारात हरतो, पैसे भागविण्यासाठी पत्नीकडे दागिने मागतो, ती देत नाही, आणि त्या नकारातून संसाराविषयीची विरक्ती येऊन तो रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सोडतो. अवताराच्या प्रकट होण्याच्या मुळाशी हरलेला डाव असावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. परमेश्वराची क्रीडा आणि माणसाचा जुगार यांच्या सीमेवर हा प्रसंग उभा आहे. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वतीच्या द्यूताचे शिल्प पुन्हापुन्हा कोरणाऱ्या शिल्पकारांनाही ही सीमा ठाऊक असावी. देव फासे टाकतो तेव्हा तोही हरू शकतो, एवढे तरी त्या शिल्पांतून स्पष्ट दिसते.

दुसरी परंपरा पटाची. ‘मोक्षपट’ किंवा ‘ज्ञानचौपड’ या नावाने ओळखला जाणारा खेळ महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांच्या नावावर घातला जातो. आज हाती असलेले पट त्यांच्या काळाच्या पुष्कळ नंतरचे, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत. ‘अल्टिमा फोर’ ज्या वर्षी प्रसिद्ध झाला त्याच १९८५ साली अँड्र्यू टॉप्सफील्ड यांचा या खेळावरील महत्त्वाचा लेख ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात आला, आणि २०१९ मध्ये याकोब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात याच विषयावर प्रबंध सादर केला. पटावरील घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची, लोकांची नावे असतात. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन हा खेळ मुलांचा झाला. साप आणि शिड्या राहिल्या, घरांची नावे हळूहळू पुसली गेली.

मोक्षपटाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावयास हवे. हा नीतीचा पट आहे, परंतु खेळणाऱ्याला त्यात नैतिक निवड मुळीच नाही. तो सत्याच्या घरात जातो तो सत्य बोलला म्हणून नव्हे. कवड्यांनी तसे दान दिले म्हणून. मराठीत फाशाच्या पडण्याला ‘दान’ म्हणतात, हे येथे फार बोलके आहे. आपल्याला मिळते ते दान. आपण देतो ते या पटावर कोठेच नाही. पूर्वकर्माचे फळ या कल्पनेशी हे सुसंगतच आहे, आणि म्हणूनच हा पट एका परीने शांत करणारा आहे. सापाने गिळले तरी सोंगटीला अपराधी वाटण्याचे कारण नसते.

आता पश्चिमेकडील धागा थोडक्यात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. युद्धाच्या पटावरील सैन्याच्या जागी येथे एकेक व्यक्ती आली, आणि प्रत्येक खेळाडूने एकेका व्यक्तीची भूमिका घेतली. सर्वांच्या मध्ये बसून प्रसंग सांगणारा जो ‘डंजन मास्टर’, त्याला आपल्या परिभाषेत सूत्रधार म्हणता येईल. संगणक आल्यावर या सूत्रधाराची गादी यंत्राने घेतली. ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे दोन्ही खेळ १९८१ चे. यंत्र हा सूत्रधार म्हणून मोठा हिशेबी पण मुका. तो आकडे अचूक ठेवी, परंतु खेळाडूने काय केले याविषयी त्याला मत नसे. ‘अल्टिमा’चा कर्ता रिचर्ड गॅरियट याला आपल्या आधीच्या खेळांविषयी जी पत्रे आली, त्यांवरून त्याच्या ध्यानात आले की दुष्टाचे निर्दालन करावयास निघालेला हा नायक वाटेत दुकाने लुटतो, निरपराध गावकऱ्यांना मारतो, आणि तरीही शेवटी नायकच ठरतो. नियम तसे करू देत होते, आणि तसे केल्याने खेळ सोपा होत होता. हिंदूंच्या अवतारकल्पनेविषयीचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहून त्याला पुढच्या खेळाची दिशा सापडली. चोवीस वर्षांच्या या तरुणाने खलनायकच काढून टाकला. ‘अल्टिमा फोर’मध्ये कोणाचाही वध करावयाचा नाही, आठ सद्गुणांत पारंगत होऊन ‘अवतार’ व्हावयाचे आहे.

संरचनेच्या अभ्यासकाला आवडावी अशी या सद्गुणांची मांडणी आहे. सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वे. त्यांच्या असण्या-नसण्याच्या संयोगांतून आठ शक्यता निघतात : केवळ सत्यातून प्रामाणिकपणा, केवळ प्रेमातून करुणा, केवळ धैर्यातून शौर्य, सत्य-प्रेमातून न्याय, प्रेम-धैर्यातून त्याग, सत्य-धैर्यातून मान, तिन्हींतून अध्यात्म. आठवी शक्यता तिन्हींच्या अभावाची, आणि तेथे गॅरियटने विनय ठेवला आहे. ही जागा केवळ गणिताच्या गरजेपोटी भरली गेली असे म्हणता येईल. पण जेथे काहीच नाही तेथे विनय असावा, ही सूचना मला त्या साऱ्या तक्त्यातील सर्वांत काव्यात्म वाटली.

खेळाचा आरंभ एका भविष्य सांगणाऱ्या स्त्रीपासून होतो. ती पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर उभे केलेले असतात, एकाची निवड केली की दुसरा बाद होतो. आखाड्यातील कुस्त्यांप्रमाणे चार जोड, मग दोन, मग एक. जो उरेल त्यावरून खेळाडूचा पेशा ठरतो. मी प्रामाणिकपणे उत्तरे दिली असा माझा समज होता. प्रत्यक्षात अध्यापकाला शोभेल असे उत्तर मी दर वेळी शोधत होते, आणि त्यामुळे शेवटी विनय उरला. विनयाचा पेशा मेंढपाळाचा. बालाघाटाच्या माळावर मेंढरे वळणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात राहून, डॉक्टरेट मिळवून, मी यंत्रापुढे मेंढपाळ ठरले, याचे हसू आले. पुढे कळले की हा सर्वांत दुबळा पेशा असून त्याची सुरुवात गर्वामुळे उद्ध्वस्त झालेल्या, भुतांनी भरलेल्या एका नगराजवळ होते.

त्यानंतरचे दिवस वहीचे होते. या खेळात लोकांशी बोलावयाचे असते ते एकेक शब्द टंकून. नाव विचारा, काम विचारा. उत्तरात एखादा शब्द असा येतो की तोच पुढचा प्रश्न होतो. एका गावचा भिकारी दुसऱ्या गावच्या मुलाचे नाव सांगतो, तो मुलगा एका मंत्राचे अक्षर सांगतो. दोनशेछप्पन्न गुणिले दोनशेछप्पन्न घरांच्या त्या जगाचे सगळे ज्ञान असे विखुरलेले आहे. आठ नगरे, आठ देवस्थाने, आठ मंत्र (अध्यात्माचा मंत्र ‘ओम’ आहे), आठ शिळा; आठही पेशांची माणसे, म्हणजे आपण व सात सोबती. चंद्र दोन, आणि त्यांच्या कलांवरून कोणत्या दारातून कोठे पोहोचणार ते ठरते. दोनशे पानांची माझी वही भरत आली, तेव्हा मला एकदम जाणवले की मी जे करीत होते ते म्हाइंभटाचे काम होते : गावोगाव जाऊन, ज्याला जेवढे आठवते तेवढे विचारून, एका अवताराच्या खुणा गोळा करणे. फरक एवढाच की येथे ज्याच्या खुणा शोधावयाच्या तो अवतार शोधणाऱ्याने स्वतःच व्हावयाचा होता.

एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात, वाचकाला संहिता पार करण्यासाठी जेथे खरेखुरे श्रम करावे लागतात, अशा साहित्याचा वेगळा वर्ग मानला आहे. त्यांचे विवेचन मूलगामी आहे, पण त्यात ‘श्रम’ आहेत, ‘शरम’ नाही. मला ज्याचा अनुभव आला ते सांगते.

मंत्रसाधनेला लागणारी द्रव्ये गंधक, लसूण, कोळ्याचे जाळे अशी असून ती विकणाऱ्या स्त्रिया आंधळ्या आहेत. त्या किंमत सांगतात, पैसे किती देणार ते आपण टंकावयाचे. मी कमी टंकले. खेळात आहोत, मोहरा कमी आहेत, आणि ही रेषांची बनलेली बाई आहे, असा फारसा विचार न करता केलेला तो विचार होता. तिने पैसे घेतले. काहीच घडले नाही. दुसऱ्यांदाही तसेच केले. पुष्कळ नंतर राजवाड्यातील एका द्रष्ट्याला माझ्या प्रगतीविषयी विचारले, तेव्हा प्रामाणिकपणाच्या बाबतीत त्याने जे सांगितले ते ऐकून मी खुर्चीत मागे सरकले. यंत्र मोजत होते. ते आकडे खेळाडूला कधीच दाखविले जात नाहीत.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय. तिच्यावर पुढे बरीच चर्चा झाली आणि तिचे वैगुण्यही दाखविले गेले. मागे भट्टनायक-अभिनवगुप्तांचे साधारणीकरण आहेच. या सर्व विचारांत एक गृहीत समान आहे : ज्याच्याशी तादात्म्य पावावयाचे त्याचे कृत्य आधीच होऊन गेलेले असते. दुष्यंत शकुंतलेला नाकारतो ते आपण नाकारत नसतो. आपला विकल्प हा जाणिवेचा असतो, कृतीचा नसतो; आणि म्हणूनच समाधी निर्वेध राहते. भूमिका-खेळात विकल्प शब्दशः विकल्प होतो. मेंढपाळ मी नव्हते याचे भान मला पुरते होते, पण आंधळ्या बाईला कमी पैसे देण्याचा निर्णय मेंढपाळाचा नव्हता. तो माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा असूच शकत नव्हता. केळकरांच्या संज्ञेतील दोन्ही पदे येथे टिकतात, पण त्यांतील ताण पार बदलतो. स्वत्वाचे भान हे आनंदाला सुरक्षित ठेवणारे अंतर न राहता, आरोप ज्याच्यावर ठेवता येतो अशी जागा होते. नाट्यशास्त्राने नटाचा विचार केला, रसिकाचा केला. नट आणि रसिक एकच असून नाटकही अद्याप लिहून व्हावयाचे आहे, अशा अवस्थेसाठी आपल्याकडे संज्ञा नाही.

याच्या पुढची गोष्ट मला अधिक अडचणीची वाटते. खेळ मध्येच जतन करून ठेवता येतो. माझा जतन केलेला डाव त्या पहिल्या खरेदीच्या आधीचा होता. मधले दोन दिवसांचे खेळणे टाकून देऊन मी मागे गेले आणि या वेळी त्या बाईला पूर्ण पैसे दिले. यंत्राने ते प्रामाणिकपणात मोजले असणार. पण मी मोजणीला भिऊन प्रामाणिक झाले होते. गॅरियटने आकडे लपविले ते फलाशा उरू नये म्हणून, असा त्याचा उदार अर्थ लावता येतो. पुन्हा मागे जाण्याच्या सोयीने ती फलाशा मागच्या दाराने आत येते. सारीपाटात पडलेले दान परत घेता येत नाही. मोक्षपटात निवड नाही पण परतणेही नाही. येथे निवड आहे, आणि तिच्यापासून पळण्याची वाटही आहे. नीतीच्या दृष्टीने यांपैकी कोणता पट अधिक खरा, हे मला ठरविता आलेले नाही.

तुळजापुरच्या देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवावयाचे. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार. शिवाजीमहाराज मोहिमेपूर्वी याला कौल लावीत, अशी श्रद्धा आहे. यात्रेत या दगडापुढे ओळ लागते. हात आपले असतात आणि फिरणे दगडाचे. यांतील कर्ता कोण, हा प्रश्न हात ठेवणारा विचारीत नाही, आणि न विचारण्यातच कौलाचे बळ आहे. सात प्रश्न विचारणाऱ्या त्या भविष्यवेत्तीपुढे मी नेमकी अशीच बसले होते. हात माझे होते. गाडामर यांनी ‘सत्य आणि पद्धती’ (१९६०) मध्ये खेळाचा खरा कर्ता खेळाडू नसून खेळच असतो, असे म्हटले आहे. चिंतामणीपुढच्या ओळीत उभे राहिलेल्या माणसाला हे जर्मन तत्त्वज्ञानातून शिकावे लागत नाही.

आता त्या उंचावलेल्या भुवईविषयी. मराठी समीक्षेची अद्भुताशी जुनी तेढ आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘रत्नप्रभा’ (१८६६), ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांतील ताटातुटी, वेषांतरे आणि योगायोग यांची आपण तीन पिढ्या थट्टा केली, आणि हरिभाऊ आपट्यांपासून कादंबरी ‘खरी’ सुरू झाली असे विद्यार्थ्यांना शिकविले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रकारांची गंभीर दखल घेतली होती, हे आपण सोयीने विसरलो. परिणाम असा की ज्या अद्भुतावर आमच्या वर्गातील मुले रोज रात्री तास घालवितात, त्याविषयी बोलण्यास आमच्याजवळ एकही शब्द नाही. धाराशिवच्या आसपासच्या खेड्यांतून येणारा पदव्युत्तर विद्यार्थी भ्रमणध्वनीवर एखादी भूमिका घेऊन दोनदोनशे तास जगलेला असतो आणि ‘तादात्म्य’ या प्रश्नाच्या उत्तरात पाठ केलेली व्याख्या लिहितो. या दोन गोष्टींचा संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मीही सांगितलेले नव्हते.

शब्दाची कथा अजून थोडी उरली आहे. ‘अवतार’ म्हणजे खाली उतरणे. गॅरियटच्या खेळात माणूस पायरी पायरीने वर चढून अवतार होतो. दिशा नेमकी उलटली. मोक्षपटाच्या शिड्या त्याने घेतल्या असे नाही, त्याने पट पाहिल्याचा पुरावा नाही. पण अवताराची लीळा गळून केवळ शिडी उरली, एवढे खरे. त्याच दशकात लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळात, आणि पुढे नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) या कादंबरीमुळे अधिक व्यापकपणे, पडद्यावरील आपल्या आकृतीला ‘अवतार’ म्हणण्याची रीत रूढ झाली. आता वर-खाली काहीच उरले नाही. राहिले ते बाह्य रूप. गंमत अशी की मराठीने हा अर्थ फार पूर्वीच काढून ठेवला होता. पोर चिखलात खेळून दारात उभे राहिले की घरातली बाई म्हणते, ‘काय हा अवतार!’ सोंग आणि सोंगटी हे शब्द आपल्या कानाला जवळचे वाटतात तेही याच वळणाने.

पाताळातील विवराच्या तळाशी असलेल्या ज्ञानग्रंथापाशी मी पोहोचले ती रात्र तुळजापुरातच, वाड्याच्या माडीवर गेली. त्या विवरात जाईपर्यंत अवतारपणाचा एकेक अष्टमांश सांभाळावा लागतो. एक चूक आणि मिळविलेला अंश जातो. माझा एकदा गेला, करुणेचा, आणि त्या वेळी मी जतन केलेल्या डावाकडे परत गेले नाही. पुन्हा देवस्थानापर्यंत चालत गेले. खेळाच्या अखेरीस यंत्र सांगते की अवतार होण्याचा शोध आयुष्यभराचा आहे, आणि खेळाडूला त्याच्या स्वतःच्या जगात सोडून देते. पडदा थांबला. सकाळी आईने विचारले, ‘रात्रभर काय खेळत होतीस, जिंकलीस का?’ मी तिला उलट विचारले, की भारतीबुवांच्या मठात डाव कोण जिंकायचे. तिने थोडा वेळ आठवून पाहिले आणि म्हणाली, ‘तसं कुणी सांगत नाही गं. ती यायची, एवढंच.’